सतलजच्या काठाने, ऐन थंडीत

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान देशाच्या बहुतेक भागांत १९५२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाले. हिमाचलातल्या चिनी तहसिलीत मात्र ते २५ ऑक्टोबर १९५१ लाच उरकून घेतले गेले, कारण पुढचे काही महिने मतपेट्या वर नेणे आणि परत आणणे बर्फामुळे जमणार नव्हते. श्यामसरण नेगी या शाळामास्तरांनी त्या दिवशी मत दिले आणि देशाचे पहिले मतदार म्हणून त्यांचे नाव झाले. वयाची १०५ वर्षे पूर्ण करून ते नोव्हेंबर २०२२ मध्ये वारले. तेव्हाचे चिनी म्हणजे आजचे कल्पा. आता भर जानेवारीतही खालच्या रेकाँग पिओपर्यंत शिमल्याहून बस येते, पिओहून पुढे काजाची बस सुटते, आणि मोठी हिमवृष्टी झाली तरी रस्ता सहसा काही दिवसांत मोकळा होतो. महाराष्ट्रातून निघणाऱ्या पर्यटकाच्या डोक्यातले वेळापत्रक मात्र अजून १९५१ चेच आहे. हिमालय म्हणजे मे महिन्याची सुट्टी, आणि बर्फ म्हणजे रोहतांगला भाड्याचा कोट आणि गमबूट चढवून काढायचा फोटो. शिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीतल्या काजापर्यंत जाणारा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता जानेवारी-फेब्रुवारीत करावा, असे मी आग्रहाने म्हणतो. बर्फ सुंदर दिसतो हे त्याचे दुय्यम कारण. त्या मुलखाचे पाणी, पीक, घरे, जनावरे, सणवार असे सगळे ज्या ऋतूवर उभे आहे तो हिवाळा आहे, आणि उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला त्याचा फक्त परिणाम दिसतो.

रस्ता जुना आहे. लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये, हिंदुस्तान-तिबेट मार्गाचे काम सुरू झाले. स्वतः डलहौसी प्रकृतीसाठी चिनीला येऊन राहत असे. आजचा राष्ट्रीय महामार्ग ५ त्या जुन्या खेचरवाटेच्या पुष्कळ खालून, सतलजला धरून जातो. शिमला, कुफ्री, ठियोग, नारकंडा, मग उतरून रामपूर, आणि पुन्हा चढत वांगतू, करछम, पोवारी, पूह असे करत खाबला पोहोचायचे. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून महामार्ग ५०५ स्पितीच्या काठाने नाको, सुमदो, ताबो करत काजाला जातो. दिल्ली-चंदीगडमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा घराशेजारचा मुलूख आहे. चंदीगड सोडल्यावर तीन-चार तासांत शिमला येते. पुण्या-मुंबईच्या माणसालाही चंदीगडपर्यंत विमान किंवा रेल्वे आणि तिथून गाडी एवढेच लागते. भारतीय नागरिकाला या रस्त्यावर परवाना लागत नाही, परदेशी पाहुणा बरोबर असेल तर त्याला लागतो. स्वित्झर्लंडच्या व्हिसासाठी जेवढी कागदपत्रे जमवावी लागतात तेवढ्या खटपटीत इथली सगळी तयारी होऊन जाते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

या रस्त्याची पहिली शिकवण म्हणजे बर्फ अंतराप्रमाणे वाढत जात नाही. शिमला साधारण २,२०० मीटरवर, नारकंडा २,७०० मीटरवर. या टप्प्यात हिमवृष्टी झाली की ती ओलसर आणि जड असते. देवदारांच्या सावलीत ती दिवसा थोडी वितळते, रात्री पुन्हा गोठते, आणि सकाळी रस्त्यावर काचेसारखा थर तयार होतो. तिथले लोक त्याला कोरा म्हणतात. काजापर्यंतच्या सगळ्या प्रवासात गाडी घसरण्याचा धोका पुष्कळदा या पहिल्याच दिवसाच्या ढली-कुफ्री-फागू पट्ट्यात सर्वांत जास्त असतो, कारण बर्फाची सवय नसलेले चालक इथेच सर्वांत दाटीने भेटतात. नारकंड्यानंतर रस्ता खाली कोसळतो आणि रामपूर येते, उंची अवघी हजार मीटर. जानेवारीत तिथे ऊन खात बसलेली माणसे दिसतात आणि बर्फ फक्त वर, कड्यांच्या माथ्यावर. रामपूर ही एकेकाळी बुशहर संस्थानची राजधानी आणि तिबेटच्या व्यापाराची पेठ होती. तिथला लवी मेळा नोव्हेंबरात भरतो. लोकर, सुकामेवा, चामुर्थी घोडे घेऊन वरचे लोक हिवाळ्याच्या तोंडावर खाली येत आणि थंडीपुरते धान्य-मीठ घेऊन परत जात. उन्हाळी पर्यटकाला हा मेळा म्हणजे माहितीपत्रकातली एक ओळ. जानेवारीत रामपूरचे ऊन सोडून वर चढताना मात्र नोव्हेंबरची तारीख का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता सर्वांत मोठा आक्षेप. हिवाळ्यात हा रस्ता धोकादायक आहे, बायकामुलांना घेऊन तिकडे कशाला जायचे, असे घरोघरी विचारले जाते. रस्ता धोकादायक आहेच. पण धोक्याचे कॅलेंडर आपण उलटे लावून ठेवले आहे. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दरड कोसळून ९ पर्यटक दगावले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्टला, निगुलसरीजवळ अख्खा डोंगरउतार महामार्गावर आला, त्यात राज्य परिवहनची बस आणि इतर वाहने सापडली आणि २८ माणसे गेली. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या. जुलै २०२३ मध्ये स्पितीतल्या चंद्रताल सरोवरापाशी अडीचशेहून जास्त पर्यटक बर्फात अडकले आणि त्यांना बाहेर काढायला कुंझुम खिंडीवरून रस्ता फोडावा लागला. म्हणजे बर्फात अडकण्याची अलीकडची सर्वांत गाजलेली घटना ऐन जुलैत घडली, तीही उन्हाळी कपड्यांनिशी गेलेल्या लोकांच्या बाबतीत. तरांडा ढांक म्हणून ओळखला जाणारा, कड्याच्या पोटात कोरून काढलेला रस्त्याचा भाग सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतो. त्याच्या आसपासचा उतार पाण्याने सैल होतो तो पावसाळ्यात. थंडीत मातीतले पाणी गोठलेले असते आणि सैल दगड रात्रभर तरी जागच्या जागी धरून राहतात.

एवढ्यावरून हिवाळा निर्धोक ठरत नाही. उन्हाच्या बाजूच्या उतारांवर दुपारी गोठलेले पाणी सुटते आणि दगड सुटे होऊन पडू लागतात. पूहच्या पुढे, नाकोजवळ, मलिंग नाला म्हणून जो कुप्रसिद्ध घसरणीचा भाग आहे तो टाळण्यासाठी रस्ता वरून फिरवावा लागला, आणि तिथे दगड पडायला ऋतू लागत नाही. हिमकडेही कोसळतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिपकी ला परिसरात गस्तीवरचे जवान हिमप्रपाताखाली गाडले गेले. पण ते घडले सीमेकडच्या उंच उतारांवर. महामार्गावरच्या प्रवाशाला हिवाळ्याचा धोका बऱ्याच अंशी आधी कळू शकतो, आणि माझ्या मते सगळा फरक इथे पडतो. इथला बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. भूमध्य समुद्राकडून येणारे हे झंझावात हवामान खात्याला काही दिवस आधी दिसतात. झंझावात येऊन गेला, दोन-तीन दिवस डोझर फिरला, आकाश निवळले, की निघायचे. पुढचा येण्याआधी एखाद्या गावात शिरून बसायचे. ढगफुटी अशी वेळ देत नाही. हिवाळ्यातला शहाणा प्रवासी म्हणजे थांबायची तयारी असलेला प्रवासी. ज्याचे परतीचे विमान ठरलेल्या तारखेचे आहे त्याने मात्र या रस्त्याला हात लावू नये, त्याच्या बाबतीत वरचा आक्षेप शंभर टक्के खरा आहे.

गाडीच्या बाबतीतही गैरसमज फार. फोर-बाय-फोर गाडी चढ चढते, उतारावर ती इतर गाड्यांइतकीच घसरते, कारण ब्रेक लावल्यावर चारही चाकांना पकड देणारा रस्ता तोच असतो. साखळ्या लागतात त्या इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्या चाकांना, आणि बाजारातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. मागच्या चाकांना साखळ्या बांधून निश्चिंत झालेले लोक कुफ्रीला हमखास दिसतात. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी सोडायची आणि ब्रेकला जमेल तितके कमी शिवायचे. सावलीतल्या वळणावर काळा, ओला दिसणारा डांबरी पट्टा पांढऱ्या बर्फापेक्षा जास्त वाईट. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी तो गोठून बसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावतात. काजाला जानेवारीच्या रात्री पारा उणे वीसच्या खाली जातो आणि साधे डिझेल त्यात मेणासारखे दाटते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारे खास डिझेल काढले ते याच कारणाने. पेट्रोलची गाडी असेल तर ही एक चिंता कमी. पोवारीला टाकी भरून घ्यावी, पुढचा भरवशाचा पंप थेट काजात. आणि ज्याला हे सगळे वाचूनच धाप लागली त्याने स्थानिक चालकासह गाडी करावी किंवा सरळ बसने जावे. पिओ-काजा बसचे चालक हा रस्ता जितका ओळखतात तितका कुठलाही नकाशा ओळखत नाही.

सतलजच्या काठाला लागल्यावर माझ्या मूळ म्हणण्याचा पुरावा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळू लागतो. पहिला पुरावा नदीच देते. पावसाळ्यात गढूळ होऊन गर्जत जाणारी सतलज जानेवारीत काही ठिकाणी ओढ्याएवढी उरते. याचे अर्धे कारण वीज प्रकल्प. करछम-वांगतू, मग १,५०० मेगावॉटचा नाथपा-झाकडी आणि त्याच्याच सुटलेल्या पाण्यावरचा रामपूर प्रकल्प, असे एकापुढे एक असल्यामुळे थंडीतले पाणी बहुतांशी बोगद्यांतून जाते. नाथपा-झाकडीचा बोगदाच २७ किलोमीटरहून लांब आहे. उरलेले अर्धे कारण वर पाहिले की दिसते. नदीचे पाणी अजून डोंगरावर पांढऱ्या रूपात पडून आहे. ते एप्रिलनंतर उतरेल, भाक्राच्या जलाशयापर्यंत जाईल, पंजाब-हरियाणातल्या शेतांना लागेल. दुसरा पुरावा सफरचंदाच्या बागांचा. नारकंड्याजवळच्या कोटगडला सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेहून रेड डिलिशसची रोपे आणून लावली आणि या पट्ट्याचे अर्थकारण बदलले. सफरचंदाच्या या जुन्या जातींना हिवाळ्यात साधारण हजार तास सात अंशांखालचा गारठा मिळाला नाही तर फुलोरा नीट येत नाही. थंडी कमी होत गेली तसतशी बाग खालच्या डोंगरांतून वर सरकत आली. किन्नौर आधीपासून होतेच, आता स्पितीत ताबोच्या आसपासही सफरचंद होते. वाशीच्या बाजारात 'किन्नौर' म्हणून चढ्या भावाने विकली जाणारी पेटी ही या थंडीचीच किंमत असते. जानेवारीत त्याच बागेत झाडांची छाटणी चाललेली असते, बुंध्याभोवती आळी केलेली असतात, आणि शेतकरी बर्फ पडावा म्हणून आकाशाकडे पाहत असतो. पर्यटक बर्फ पडू नये म्हणून पाहतो.

वृक्षही इथे हवामानाचा नकाशा उघडून दाखवतात. रामपूरपर्यंत चीड, वर देवदार, पिओच्या पुढे अक्पा-रिब्बाच्या बाजूला चिलगोजाचे पाइन, मग नुसता खडक. मोसमी वाऱ्यांची ताकद हिमालयाच्या मोठ्या रांगेच्या अलीकडेच संपते. पलीकडे जे काही पडते त्यातले बहुतेक हिवाळ्यात, बर्फ म्हणून पडते. म्हणून स्पितीत वर्षाला एकच पीक. जव आणि आता पैसा देणारा मटार. त्याला पाणी वितळलेल्या बर्फाचे, दगडमातीच्या छोट्या पाटांनी, ज्यांना कूल म्हणतात, शेतापर्यंत आणलेले. ज्या वर्षी बर्फ कमी त्या वर्षी पेरणीलाच पाण्याची ओढ. जूनमध्ये काजाच्या हिरव्यागार शेतांचे फोटो काढणाऱ्याला ते शेत कशावर उभे आहे हे दिसत नाही. त्याने फेब्रुवारीत काजाजवळच्या लांगझा गावाच्या माळावर बर्फाच्या रूपात साठलेले पाणी पाहिलेले नसते.

ताबोचे उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत बोलके वाटते. इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला हा बौद्ध विहार त्याच्या भित्तिचित्रांमुळे हिमालयातले अजिंठा म्हणून ओळखला जातो. मराठी वाचकाला ही तुलना सुखावते, पण ती करताना एक मूलभूत फरक सुटतो. अजिंठ्याची लेणी वाघूरच्या काठच्या काळ्या पाषाणात कोरलेली आहेत आणि तरीही झिरपणारे पाणी आणि दमटपणा हा तिथल्या चित्रांचा कायमचा शत्रू आहे. ताबोची मंदिरे नुसत्या मातीची आणि लाकडाची, सपाट धाब्याची. हजार वर्षे माती टिकली ती केवळ तिथे पाऊस जवळजवळ पडत नव्हता म्हणून. बर्फ कोरडा असतो. पडला की लोक लाकडी फावड्यांनी धाबी लगेच मोकळी करतात, तो भिंतीत मुरायच्या आत खाली ढकलला जातो. सगळी वास्तुकला बर्फ गृहीत धरून बांधलेली आहे. पावसाला मात्र या धाब्यांकडे उत्तर नाही, आणि उन्हाळ्यात जोराचे पाऊस वाढले की स्पितीतल्या जुन्या घरांना आणि गोंपांना गळती लागते. हिवाळ्यात तुम्ही ताबोला गेलात तर धाब्यांवरचा बर्फ उतरवण्याचे काम चाललेले दिसेल, आत अंधाऱ्या सभामंडपात भयंकर थंडी असेल, फोटो काढायला बंदी असेल, आणि चित्रे विजेरीच्या उजेडात एकेक करून पाहावी लागतील. घाई नसलेल्या माणसासाठी याहून चांगली परिस्थिती नाही. भूकंपाचा मुद्दा कुणी काढेल, तोही बरोबर आहे. १९ जानेवारी १९७५ रोजी ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने किन्नौर-स्पिती हादरले, ताबोची पडझड झाली, आणि भर थंडीत मदत पोहोचणे कठीण गेले. पण भूकंप महिना पाहून येत नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा रोहतांगच्या पोटातून मनालीला लाहौलशी वर्षभर जोडतो. मग बर्फ पाहायला एवढा वळसा कशाला? बोगद्याने लाहौलच्या लोकांचे हिवाळी जीवन बदलले, आजाऱ्याला हेलिकॉप्टरची वाट पाहायची वेळ टळली, ही मोठी गोष्ट आहे. पर्यटकासाठी मात्र त्याने हिवाळा एका दिवसाच्या सहलीत बसवला. मनालीहून निघायचे, बोगद्यातून पलीकडे सिस्सूला उतरायचे, बर्फात लोळायचे, संध्याकाळी परत. २०२४ च्या नाताळच्या आठवड्यात सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान बर्फ पडला आणि हजारभर गाड्या अडकल्या. सिस्सूच्या भागात तर पंचायतींनी हालडा-फागलीच्या सणांच्या काळात पर्यटनच बंद ठेवण्याचे ठरवले, कारण देवकार्याच्या दिवसांत गोंगाट नको. शिवाय बोगद्याने स्पिती जवळ येत नाही. ग्रांफूहून बातल आणि ४,५०० मीटरहून उंच कुंझुम ला ओलांडून काजाला जाणारी वाट साधारण नोव्हेंबर ते मे बंदच असते. याचा एक विलक्षण परिणाम आहे. काजा ज्या जिल्ह्यात आहे त्या लाहौल-स्पितीचे मुख्यालय केलाँग. उन्हाळ्यात ते कुंझुमवरून दोनशे किलोमीटरच्या आत. हिवाळ्यात काजाच्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या गावी जायला किन्नौर उतरून, कुलू खोरे चढून, बोगद्यातून पाचशे किलोमीटरहून जास्त फिरावे लागते. किन्नौरचा रस्ता म्हणूनच उघडा ठेवला जातो. सीमा सडक संघटनेचा 'दीपक' प्रकल्प, ज्याच्या माणसांना सगळे ग्रेफवाले म्हणतात, इथे डोझर फिरवतो तो सैन्यासाठी आणि स्पितीतल्या गावकऱ्यांसाठी. आपण त्या सोयीचे उपरे लाभार्थी. डोझर, बस आणि रुग्णवाहिका यांना मागे सरून वाट देणे हा इथला पहिला नियम, मग गाडी कितीही महागाची असो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो सहसा घेतला जात नाही. थंडीत ज्या गावांत नळ गोठलेले आहेत, सरपण मोजून वापरले जाते, भाजीपाला खालून येतो, तिथे आपण जाऊन त्यांच्या तुटपुंज्या साठ्यावर भार का टाकायचा? हे म्हणणे खरे आहे. काजात जानेवारीत पाणी भांड्यांनी आणले जाते, शौचालय कोरडे असते, घरातले सगळे एका लोखंडी तंदूरभोवती एकाच खोलीत वावरतात. रोज गरम पाण्याची आंघोळ आणि प्रत्येक खोलीत हीटर मागणारा पाहुणा तिथे उपद्रवच ठरतो. पण उत्तर न जाण्यात नाही, कमी माणसांनी जाण्यात आणि घरगुती राहण्यात आहे. उन्हाळ्यात काजाच्या हॉटेलांतून फिरणारा पैसा पुष्कळदा बाहेरच्या मालकाकडे जातो. थंडीत बरीच हॉटेले बंद असतात आणि जी घरे उघडी असतात ती राहणाऱ्यांची असतात. किब्बरचे उदाहरण घ्या. सुमारे ४,२०० मीटरवरच्या या गावाभोवती अभयारण्य आहे. थंडीत आयबेक्स आणि भरल चाऱ्यासाठी खाली येतात, त्यांच्या मागे हिमबिबट्या येतो. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत देशभरात ७१८ आणि हिमाचलात ५१ हिमबिबट्यांचा अंदाज होता. हा प्राणी पाहायची शक्यता हिवाळ्यातच, आणि तो शोधून देणारे डोळे गावकऱ्यांचे. ज्या प्राण्याने गोठ्यात शिरून मेंढ्या मारल्या की गाव संतापायचे, त्याच्यामुळेच आता थंडीत घरात मजुरी येते. या कमाईने मेंढपाळाचे सगळे नुकसान भरून निघते असे मी म्हणणार नाही, पण बिबट्या जिवंत ठेवण्याचे एक रोख कारण तिने गावाला दिले आहे.

शेवटी वेळेचा हिशेब, कारण बहुतेकांचा बेत तिथेच फसतो. शिमल्याहून काजा तीन दिवसांत गाठता येते, पण ते करू नये. पहिला मुक्काम रामपूर किंवा सराहन, दुसरा-तिसरा कल्पा, मग नाको किंवा ताबो. असे एक-दोन हजार मीटर, ३,००० मीटर, साडेतीन हजार मीटर करत चढले तर उंचीचा त्रास बहुतेकांना होत नाही. मनालीमार्गे उन्हाळ्यात एका दिवसात कुंझुम ओलांडून आलेल्यांना होणारी डोकेदुखी आणि मळमळ इथे क्वचित दिसते, आणि किन्नौरच्या वाटेचा हा फायदा बाराही महिने आहे. काजाच्या पुढे लोसरपर्यंत रस्ता कधी खुला असतो, कधी नसतो, त्यावर बेत आखू नये. परतीला दुसरी वाट नाही, आलो त्याच रस्त्याने जायचे, आणि त्याची हळहळ करायचे कारण नाही, कारण येताना सकाळी सावलीत गेलेले उतार परतताना दुपारच्या उन्हात असतात. जाऊन येऊन दहा दिवस धरावेत, त्यावर दोन-तीन दिवस बर्फासाठी मोकळे ठेवावेत. हातात पाचच दिवस असतील तर काजाचा विचार सोडून कल्पापर्यंत जावे. समोर किन्नर कैलासची रांग दिसते, नेगी मास्तरांनी मत दिले ते गाव पायी फिरता येते, आणि झंझावाताची बातमी आली तर एका दिवसात रामपूरच्या उन्हात उतरता येते.